वाटसरूंची वही कोणाची?

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसलेल्या चंदगड तालुक्याचा भूगोल मोठा चमत्कारिक आहे. एका अंगाला कर्नाटकाची सीमा, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीचा कडा, कड्याखाली तिलारीचे खोरे आणि त्यापलीकडे गोवा. जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर, तर बेळगाव त्या मानाने हाकेच्या अंतरावर. पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड आणि महिपाळगड हे चार किल्ले या एकाच तालुक्यात आहेत. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा हे पारगडचे किल्लेदार होते असे परंपरा सांगते, आणि मालुसऱ्यांचे वंशज आजही त्या गडाशी नाते सांगतात. रणजित देसाई यांचे कोवाड हे गावही याच तालुक्यातले. एवढे सगळे असूनही चंदगड म्हणजे महाबळेश्वर किंवा पन्हाळा नव्हे. येथे प्रवाशांची रीघ लागत नाही, आणि म्हणूनच जो कोणी येतो तो आपल्या आधी येऊन गेलेल्या एखाद्या अनोळखी माणसाने लिहून ठेवलेल्या चार ओळींवर विसंबून येतो.

त्या चार ओळींचे मोल शहरात बसून कळणारे नाही. गडावर पिण्याचे पाणी कोठे मिळते, पावसात कोणती वाट निसरडी होते, परतीची शेवटची एस्टी किती वाजता निघते, रात्र झालीच तर देवळात पथारी पसरता येते की नाही, ही माहिती सरकारी पत्रकात सापडत नाही. ती लिहिणारा बहुधा कोणी शाळामास्तर असतो, एखाद्या कचेरीतला कारकून असतो किंवा सुटीत पाठीवर पिशवी टाकून निघालेला विद्यार्थी असतो. त्याला लिहिण्याचे मानधन मिळत नाही आणि त्याची तशी अपेक्षाही नसते. आपल्याला जो त्रास झाला तो मागून येणाऱ्याला होऊ नये, एवढीच त्याची प्रेरणा असते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे लेखन वहीतून उठून प्रवासवर्णनांच्या आणि अभिप्रायांच्या संकेतस्थळांवर गेले. तेथे त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न केवळ संगणकाच्या जाणकारांनी सोडवावा असा राहिलेला नाही. लोकांनी लोकांसाठी गोळा केलेल्या ज्ञानाची मालकी कोणाकडे असावी, असा तो प्रश्न आहे.

व्हर्च्युअल टूरिस्ट नावाच्या संकेतस्थळाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९० नंतरच्या दशकात, इंटरनेट नुकते लोकांच्या हाती येत असताना, ते सुरू झाले. जगाच्या कानाकोपऱ्यातील हौशी प्रवाशांनी आपापल्या गावांविषयी आणि पाहिलेल्या स्थळांविषयी त्यावर पानेच्या पाने लिहिली, छायाचित्रे दिली, एकमेकांच्या शंकांना उत्तरे दिली. कित्येकांची त्यातून आयुष्यभराची मैत्री जुळली. २००८ मध्ये ट्रिपअ‍ॅडव्हायजर या बड्या कंपनीने हे संकेतस्थळ विकत घेतले आणि २०१७ च्या फेब्रुवारीत ते बंद करून टाकले. ज्यांनी ते शब्दाशब्दाने उभे केले त्यांना ना विक्रीच्या वेळी कोणी विचारले, ना बंद करताना. घर बांधणारे बाहेर राहिले आणि कुलपाची किल्ली भलत्याच्याच हाती होती, हे त्यांना कुलूप लागल्यानंतर कळले.

खुद्द ट्रिपअ‍ॅडव्हायजरचा इतिहासही हेच सांगतो. २००० मध्ये ही कंपनी निघाली तेव्हा सामान्य प्रवाशांचे अभिप्राय हा तिचा मुख्य व्यवसाय नव्हता. छापील मार्गदर्शिका आणि नियतकालिकांतील लेख एका जागी मिळवून द्यावेत, असा तिचा मूळ बेत होता. परंतु पंडितांच्या लेखांपेक्षा वाटसरूचा साधा अनुभव लोकांना अधिक विश्वासार्ह वाटतो, हे लवकरच तिच्या ध्यानात आले. अभिप्रायांचा ओघ सुरू झाला, वाचक वाढले, वाचकांमागून जाहिराती आल्या. अवघ्या चार वर्षांत, २००४ मध्ये, ही कंपनी सुमारे २१ कोटी डॉलरला विकली गेली. त्या किमतीत यंत्रे आणि कार्यालये यांचा वाटा किती, आणि हजारो अनामिकांनी फुकट लिहिलेल्या ओळींचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडला नाही. मांडण्याचे कायदेशीर बंधन कोणावर नव्हते, हेही तितकेच खरे.

येथे एक युक्तिवाद केला जातो आणि तो प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. कोणावर लिहिण्याची सक्ती नव्हती. कंपनीने जागा दिली, यंत्रणा दिली, लाखो वाचक मिळवून दिले. लिहिणाऱ्याने अटी मान्य करूनच लिहिले. मग तक्रार कशाची? या युक्तिवादात तथ्य आहे. एवढा मोठा कारखाना चालवण्यास पैसा लागतो आणि तो कोठून तरी यावाच लागतो. कंपनीने नफा मिळवला हा काही तिचा गुन्हा नव्हे. परंतु संमती ही गोष्ट केवळ खूण केल्याने पुरी होत नाही. लिहिणाऱ्याला बोलावताना भाषा समाजाची वापरली गेली: ‘तुमचा अनुभव सांगा, इतरांना मदत करा, या आपल्या परिवारात सामील व्हा’. विकताना आणि बंद करताना मात्र भाषा मालमत्तेची होती. निमंत्रण धर्मशाळेचे आणि करारपत्र गोदामाचे, असा हा व्यवहार होता. लिहिणाऱ्यांची फसगत झाली ती येथे.

कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकाला हा फरक समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. त्याच्या गावात दूध संस्था असते. सकाळी अंधारात लिटर-दोन लिटर दूध घेऊन जाणारी बाई त्या संस्थेची सभासद असते. तिच्या दुधाचे माप होते, फॅट लागते, नोंद होते, दिवाळीच्या तोंडावर दूध फरक मिळतो. कोल्हापूर जिल्हा दूध संघ १९६३ मध्ये स्थापन झाला आणि वाढला तो अशा लहान लहान मापांतून. सहकाराचे दोष महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहेत. घराणेशाही, उधळपट्टी, निवडणुकांतील पैशाचा खेळ यांविषयी याच वृत्तपत्रांतून वर्षानुवर्षे लिहिले गेले आहे. वार्षिक सभेत गोंधळ होतो, ध्वनिक्षेपक हिसकावले जातात, हेही नवीन नाही. तथापि गोंधळ घालण्याचा का होईना, सभासदाला त्या सभेत हक्क असतो. अहवाल मागण्याचा, मत देण्याचा आणि न पटल्यास दूध दुसरीकडे घालण्याचा हक्क असतो. संकेतस्थळावर लिहिणाऱ्यांनी आपले दूध रोज नेऊन घातले. परंतु त्यांना ना माप मिळाले, ना नोंदवही, ना सभा. डेअरी विकली गेली तेव्हा त्यांना वर्तमानपत्रातून समजले.

कोणी म्हणेल की दूध आणि शब्द यांची तुलना करू नये. शब्द दिल्याने आटत नाहीत. ते बरोबर आहे. परंतु शब्द पुसले जातात, आणि कोणते पुसावेत हे ठरवण्याचा अधिकार एकाच हाती असला की त्याचे परिणाम गंभीर होतात. मेक्सिकोतील एका विश्रामधामात आपल्यावर अत्याचार झाला, इतर स्त्रियांनी सावध राहावे, असे एका अमेरिकन स्त्रीने २०१० मध्ये ट्रिपअ‍ॅडव्हायजरवर लिहिले. ते लेखन काढून टाकण्यात आले. सात वर्षांनी, २०१७ मध्ये, अमेरिकेतील एका वृत्तपत्राने हे प्रकरण उजेडात आणले, तेव्हा कंपनीने क्षमा मागितली आणि ते लेखन पुन्हा प्रसिद्ध केले. मधल्या सात वर्षांत त्या ठिकाणी जाणाऱ्यांनी काय वाचले असेल? चादरी स्वच्छ होत्या, न्याहारी उत्तम होती, समुद्र निळा होता. लिहिणाऱ्याचा सर्वांत महत्त्वाचा शब्द गाळून बाकीचे शब्द जपणे, यापरता मोठा विश्वासघात कोणता?

सह्याद्रीच्या माथ्यावर राहणाऱ्यांना या गोष्टीचे गांभीर्य अधिक कळावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि मृत्यू पावले. पाऊस वाढला की डोंगरातला ओढा काही क्षणांत कसा फुगतो, हे स्थानिक माणसाला ठाऊक असते. सहलीला आलेल्याला नसते. चंदगडच्या बाजूलाही पावसाचा जोर मोठा आणि ओढे-धबधबे पुष्कळ. अशा ठिकाणी ‘येथे पाण्यात उतरू नका’ ही एका ओळीची सूचना शंभर स्तुतिपर अभिप्रायांपेक्षा मोलाची असते. परंतु जेथे ठिकाणाचे मोल चांदण्यांच्या संख्येने ठरते आणि गर्दी वाढवण्यातच चालकाचे हित असते, तेथे सावधगिरीची ओळ शेवटच्या पानावर ढकलली जाणे स्वाभाविक आहे. लिहिणाऱ्याने ती कळवळ्याने लिहिलेली असते. चालकाच्या लेखी ती गैरसोयीची असते.

मग यातून सुटका नाहीच काय? विकिट्रॅव्हलच्या उदाहरणावरून तसे म्हणता येत नाही. २००३ मध्ये सुरू झालेली ही प्रवासमार्गदर्शिकाही लोकांनीच लिहिली होती आणि तीही २००६ मध्ये इंटरनेट ब्रँड्स या कंपनीला विकली गेली. येथपर्यंतची कथा ओळखीची आहे. फरक एवढाच की तिच्यावरचे सर्व लेखन आरंभापासून मुक्त परवान्याखाली होते, म्हणजे लेखकाचा उल्लेख करून आणि त्याच अटी पाळून ते कोणीही उचलून नेऊ शकत होते. विक्रीनंतर जर्मन लेखकांनी त्याच वर्षी, आणि त्यांच्यामागून इटालियन लेखकांनी, आपले लेखन उचलून विकिव्हॉयेज नावाचे वेगळे घर थाटले. पुढे २०१२ मध्ये इंग्रजीतले बहुतेक जुनेजाणते लेखकही बाहेर पडले. कंपनीने दोघा स्वयंसेवकांवर दावा लावला. परंतु तो पुढे तडजोडीने मिटला आणि १५ जानेवारी २०१३ रोजी विकिमीडिया फाउंडेशनच्या आश्रयाखाली विकिव्हॉयेजचा रीतसर आरंभ झाला. तेथेही लेखकांना कोणी पैसे दिले नव्हते. त्यांच्याजवळ होता तो केवळ आपले लेखन घेऊन बाहेर पडण्याचा हक्क, आणि तेवढा पुरेसा ठरला.

म्हणजे प्रश्न मोबदल्याचा मुळीच नाही. हौसेने लिहिणाऱ्याला दोन-चार रुपये मिळाले असते तरी त्याचे समाधान झाले नसते. उलट पैशासाठी लिहिणाऱ्यांची आणि खोट्या स्तुतीची भर पडली असती. त्याला हवा असतो तो आपल्या लेखनावरचा ताबा: त्याची प्रत आपल्याजवळ असण्याचा, ते का काढले हे विचारण्याचा आणि वेळ आल्यास ते दुसरीकडे नेण्याचा अधिकार. जेथे हा अधिकार होता तेथे संस्था विकली गेली तरी लेखन जगले. जेथे नव्हता तेथे दहा-पंधरा वर्षांचे श्रम एका दिवसात दृष्टीआड झाले.

आपल्या पूर्वजांना हे शहाणपण नव्हते असे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमारास उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांनी लिहिलेली ‘माझा प्रवास’ ही हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, ती पुष्कळ फेरफार करून. त्या काळच्या परिस्थितीत त्यांनी तसे का केले असेल, याची कल्पना करता येते. परंतु मूळ हस्तलिखित नाहीसे झाले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोहोचले, तेथे जपले गेले आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांनी मूळ संहिता वाचकांपुढे आणली. संपादकाने बदललेला शब्द साठ वर्षांनी पूर्ववत झाला, कारण वही सार्वजनिक संस्थेत होती. हीच हकीकत एखाद्या खासगी संकेतस्थळावर लिहिली गेली असती तर पोतदारांना काय सापडले असते?

चंदगडचेच दुसरे उदाहरण घ्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यात होते. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड तेवढे मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडले गेले. त्यामुळे या भागाची जुनी माहिती शोधणाऱ्याला कोल्हापूरचे गॅझेटियर उपयोगी पडत नाही. १८८४ साली निघालेला बेळगावचा खंड पाहावा लागतो. जिल्हा बदलला, राज्य बदलले, इंग्रजांचे राज्यही गेले, तरी तो खंड ग्रंथालयांच्या कपाटांत होता आणि आहे. सत्तांतराने जे पुसले गेले नाही ते कंपनीच्या एका मालकबदलाने पुसले जावे, हे ज्ञानाच्या व्यवस्थेचे लक्षण नव्हे.

मोठ्या शहरांना याची झळ कमी लागते. पॅरिसविषयीचे एक पान नाहीसे झाले तर हजार पाने शिल्लक राहतात. कलानिधीगडाविषयी मुळात लिहिलेलेच थोडे, त्यातले चांगले त्याहून थोडे. ते गेले की पुढचा प्रवासी पुन्हा अंधारात चाचपडतो, आणि गावातल्या म्हाताऱ्याने सांगितलेली, कोणी एका मास्तराने टिपून ठेवलेली गोष्ट कायमची जाते. लहान गावांचे ज्ञान सर्वांत नाजूक असते आणि तेच सर्वांत बेफिकीर हातांत सोपवले गेले आहे.

कायद्याने या बाबतीत अद्याप अर्धेच पाऊल टाकले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा प्रथम हक्क लेखकाचाच. परंतु संकेतस्थळांच्या अटींत ‘हक्क तुमचा, पण वापरण्याची कायमची आणि विनामूल्य परवानगी आमची’ अशी तरतूद सामान्यतः असते, आणि वापरण्याच्या परवानगीबरोबर जपण्याचे बंधन येत नाही. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. त्याचा रोख खोट्या अभिप्रायांपासून ग्राहकाला वाचवण्याकडे आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु खऱ्या अभिप्रायाच्या लेखकाचे काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. युरोपात २०१८ पासून नागरिकाला स्वतः दिलेली वैयक्तिक माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मागण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात अशी तरतूद होती. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात ती उरली नाही. पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवण्याचे बंधन प्रकाशकावर १९५४ पासून आहे. तो कायदा पुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्यापुरता आहे. इंटरनेटवरील लेखनाला असे माहेर नाही.

सरकारने काय करावे हे त्यामुळे स्पष्ट आहे. लिहिणाऱ्याला आपल्या सर्व लेखनाची प्रत केव्हाही आणि विनासायास मिळाली पाहिजे. संकेतस्थळ बंद करायचे असेल तर पुरेशी आधी सूचना देऊन त्यावरील लेखन, लेखकांच्या संमतीने, एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे सोपवले पाहिजे. आणि धोक्याची सूचना काढायची झाल्यास तिचे कारण लेखी दिले पाहिजे. या तीन गोष्टींनी कोणत्याही कंपनीचे दिवाळे निघणार नाही.

परंतु कायद्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही शहरांत एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली सार्वजनिक वाचनालये आहेत. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये खेड्यापाड्यांत आहेत. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्यावरील मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावाचा ओढा, वाट, देऊळ, पाणवठा यांची नोंद करून घेणे, ती शिक्षकांनी तपासणे, तिची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवणे आणि मग हवी तर ती जगाला देणे, याला अनुदान लागत नाही. लागते ते क्रमाचे भान. आज बहुतेक जण आधी संकेतस्थळाला देतात आणि घरी काहीच ठेवत नाहीत.

प्रवाशाने प्रवाशाला वाट सांगावी, हा शिष्टाचार जुना आहे आणि तो कोणत्याही कंपनीने शोधून काढलेला नाही. कंपन्या येतील, विकल्या जातील, बंद पडतील. त्यांच्याविषयी कडवटपणा बाळगून काही साधणार नाही. लिहिणाऱ्यांनी उदारपणे लिहीतच राहावे. मात्र पारगडची वाट ज्याने पायाखाली घातली आहे, त्याने ती लिहून काढल्यावर पहिली प्रत चंदगडमध्येच राहील एवढे पाहावे. बाहेर जाईल ती नक्कल असावी.